संचकार देण्याआधी : गृहकर्जाविषयी वाचकांचे प्रश्न

घर घेताना आपल्याकडील बहुतेक कुटुंबे आधी घर पसंत करतात, मग संचकारपत्र (विसारपावती) करून मालकाला काही लाख रुपये संचकार, म्हणजे विसार, देतात आणि त्यानंतर कर्जासाठी बँकेत जातात. कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेली यावेळची पत्रे वाचताना असे स्पष्ट दिसले, की त्यांतील बहुतेक अडचणी या क्रमामुळेच निर्माण झाल्या आहेत. कर्ज नाकारले गेले यापेक्षा नकार कळण्यापूर्वीच पैसे अडकले, हे दुःख अधिक मोठे आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : राजारामपुरी परिसरातील एक जुनी सदनिका आम्ही ५२ लाख रुपयांना ठरवली आणि ५ लाख रुपये संचकार दिला. ८० टक्के कर्ज मिळेल असे कर्ज प्रतिनिधीने तोंडी सांगितले होते. प्रत्यक्षात बँकेने ३६ लाख ८० हजार रुपयेच मंजूर केले. उरलेली रक्कम उभी राहत नाही आणि मालक संचकार परत देण्यास तयार नाहीत. बँकेने आपला शब्द फिरवला, असे म्हणता येईल काय?

बँकेने टक्केवारी बदललेली नाही, तिने घराची किंमत कमी धरली आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जात मिळकतीच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० लाखांहून अधिक ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावरील कर्जात ७५ टक्के रक्कम देता येते. ही कमाल मर्यादा आहे, तेवढी रक्कम मिळण्याचा तो हक्क नव्हे. शिवाय ही टक्केवारी बँका सामान्यतः करारातील किंमत आणि त्यांच्या मूल्यांककाने ठरवलेली किंमत यांपैकी कमी असलेल्या आकड्यावर लावतात. आपल्या सदनिकेचे मूल्यांकन ४६ लाख झाले असावे, कारण त्याचे ८० टक्के बरोबर ३६ लाख ८० हजार होतात.

मूल्यांकन कमी होण्याचे कारण शाखेकडे लेखी मागावे. जुन्या इमारतीत इमारतीचे वय आणि पार्किंगचा अभाव या गोष्टी किंमत खाली आणतात. मात्र आपल्याकडे वारंवार आढळणारे कारण निराळे आहे. मंजूर नकाशात बाल्कनी असते आणि प्रत्यक्षात ती बंद करून खोली केलेली असते, किंवा गच्चीवर परवानगीविना बांधकाम केलेले असते. मालक त्या खोलीचे पैसे मागतो आणि खरेदीदार ते मान्य करतो, पण बँकेचा मूल्यांकक तिची किंमत धरत नाही. क्षेत्रफळ चुकीचे नोंदले गेले असेल, तर मंजूर नकाशाची प्रत जोडून फेरमूल्यांकनाची विनंती करता येते.

दुसरी गोष्ट खर्चाची. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी सामान्यतः कर्जाच्या हिशेबात धरली जात नाही. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के धरले, तर ५२ लाखांवर ते ३ लाख १२ हजार रुपये होते. खरेदीदार स्त्री असल्यास निवासी मिळकतीवर १ टक्क्याची सवलत मिळते, ती घरात कोणाच्या नावावर खरेदी करायची हे ठरवताना विचारात घ्यावी. म्हणजे किमतीतील फरकाचे १५ लाख २० हजार आणि मुद्रांकाचे ३ लाख १२ हजार मिळून आपल्याला स्वतःचे १८ लाखांहून अधिक रुपये लागतील, आणि नोंदणी, वकील व सोसायटीचे शुल्क यांपलीकडचे आहे. व्यवहार ५० लाखांचा किंवा अधिक असल्याने विक्रेत्याला द्यावयाच्या रकमेतून १ टक्का प्राप्तिकर कापून तो सरकारजमा करण्याची जबाबदारीही खरेदीदाराची असते, आणि ती राहून गेली तर नोटीस खरेदीदारालाच येते.

संचकार परत मिळेल की नाही, हे आपल्या संचकारपत्रातील अटींवर अवलंबून आहे. ते वकिलांना दाखवावे आणि तोपर्यंत मालकाकडे मुदतवाढ लेखी मागावी. मुदत उलटून गेल्यावर बोलणी करणे फार कठीण होते. अद्याप संचकार न दिलेल्या वाचकांनी मात्र एवढी अट आग्रहाने लिहून घ्यावी, की ठरावीक दिवसांत ठरावीक रकमेचे गृहकर्ज मंजूर न झाल्यास, किंवा मिळकतीच्या मालकी हक्कात वा बांधकाम परवानगीत दोष आढळल्यास, संचकाराची संपूर्ण रक्कम ठरलेल्या मुदतीत परत मिळेल. जो मालक ही अट मान्य करत नाही, त्याच्या कागदपत्रांकडे अधिक बारकाईने पाहावे असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या प्रकल्पात घर घेणाऱ्यांना कायद्याचेच संरक्षण आहे. रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्यानुसार नोंदणीकृत करार केल्याखेरीज बांधकाम व्यावसायिकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

प्रश्न : मी माध्यमिक शिक्षक आहे. पगार नियमित आहे आणि आजवर मी एक रुपयाचेही कर्ज काढलेले नाही. तरीही सिबिल गुण (कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारे पतगुण) कमी असल्याचे सांगून बँकेने माझा अर्ज परत केला. काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या वाहनकर्जाला मी जामीन राहिलो होतो. त्याचा हा परिणाम असू शकतो काय?

असू शकतो, आणि बहुधा तसेच आहे. भारतीय करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि ज्या कर्जाला आपण जामीन राहिलो ते आपल्या पतअहवालातही दिसते. सहकाऱ्याचे हप्ते थकले असतील, किंवा त्याने पूर्ण रक्कम न भरता बँकेशी तडजोड केली असेल, तर ती नोंद आपल्या नावापुढेही राहते. जामिनावर सही करणे हे आपल्या जिल्ह्यात स्नेहाचे कर्तव्य मानले जाते. सहकारी बँका आणि पतसंस्थांचा व्यवहार बराचसा या विश्वासावर उभा आहे आणि त्यामुळे हजारो कुटुंबांची गरज भागली आहे, हे मान्य करूनही असे सांगावे लागते, की पुढील दोन-तीन वर्षांत स्वतःचे घर घ्यायचे असेल तर जामीन राहण्याचा विचार पुन्हा करावा.

प्रथम आपला अहवाल मागवावा. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार संस्था देशात पतमाहिती ठेवतात आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. गुण ३०० ते ९०० या पट्ट्यात असतात आणि ७५० किंवा अधिक गुण बँका सामान्यतः चांगले मानतात. अहवालात गुणांपेक्षा तपशील महत्त्वाचा आहे. सहकाऱ्याने कर्ज पूर्ण फेडले असूनही खाते थकीत दिसत असेल, तर फेड झाल्याचा दाखला जोडून संबंधित पतमाहिती कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या बँकेकडे दुरुस्तीची तक्रार करावी. ती ३० दिवसांत न मिटल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. थकबाकी खरोखरच शिल्लक असेल, तर ती भरल्याशिवाय मार्ग नाही. भरल्यानंतर खाते ‘तडजोड’ म्हणून नव्हे, तर पूर्ण फेड म्हणून बंद झाल्याचे पत्र घ्यावे. पैसे घेऊन गुण वाढवून देतो असे सांगणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नये. जे ते करतील, ते आपण स्वतः विनाशुल्क करू शकता. दरम्यानच्या काळात चार-पाच बँकांत एकाच वेळी अर्ज टाकू नयेत, कारण अशा प्रत्येक चौकशीची नोंद अहवालात होते.

प्रश्न : करवीर तालुक्यात शहरालगतच्या एका गावात तीन गुंठ्यांचा प्लॉट स्वस्तात मिळत आहे. सातबारावर सहा जणांची सामाईक नावे आहेत. नोटरी करून ताबा देतो आणि ग्रामपंचायतीचा उतारा तुमच्या नावावर करून देतो, असे विक्रेता म्हणतो. तेथे घर बांधण्यासाठी बँक कर्ज देईल काय?

या स्थितीत देणार नाही, आणि कर्ज नको असले तरीही हा व्यवहार करू नये.

बँक घर तारण घेते म्हणजे मालकीचे मूळ दस्त ठेवून घेते आणि हप्ते थकल्यास ते घर विकून वसुली करण्याचा हक्क मिळवते. त्यासाठी मालकी कायद्याने सिद्ध झालेली असावी लागते. स्थावर मिळकतीची मालकी नोंदणीकृत खरेदीपत्राने मिळते, नोटरीसमोर केलेल्या कागदाने मिळत नाही. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा घरपट्टी आकारण्यासाठी असतो, मालकी ठरवण्यासाठी नव्हे. सहा जणांच्या सामाईक क्षेत्रातील कोणते तीन गुंठे आपले, हे मोजणी आणि पोटहिस्सा (क्षेत्राची अधिकृत विभागणी) झाल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही.

सातबारा उतारा वाचताना घाई करू नये. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा महाभूमी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो आणि तो शासकीय कामासाठी ग्राह्य आहे. त्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, हे आधी पाहावे. वर्ग २ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना विकता येत नाही. आपल्या जिल्ह्यात आणखी एक नोंद काळजीपूर्वक पाहावी लागते, ती देवस्थान इनामाची, म्हणजे देवस्थानासाठी दिलेल्या जमिनीची. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत आणि अन्य देवस्थानांकडे या भागात मोठ्या प्रमाणावर जमिनी आहेत. कसणाऱ्याचे नाव पिढ्यान्‌पिढ्या उताऱ्यावर असले, तरी तो अशा जमिनीचा मालक नसतो, आणि तिच्यावर कोणतीही जबाबदार बँक गृहकर्ज देणार नाही.

त्यानंतर ‘इतर हक्क’ या रकान्याकडे वळावे. विकास सेवा सोसायटीचा बोजा, ई-करार (सोसायटीच्या कर्जासाठी जमीन तारण दिल्याची नोंद), कुळाची नोंद किंवा न्यायालयातील दाव्याचा उल्लेख तेथेच आढळतो. ऊस उत्पादक शेतकऱ्याच्या उताऱ्यावर पीककर्जाचा बोजा असणे ही सर्वसामान्य गोष्ट आहे आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही, परंतु तो फेडून कमी केल्याचा फेरफार (हक्कनोंदीतील बदल) झाल्यावरच खरेदी करावी. गेल्या तीस वर्षांचे फेरफार पाहून वारसांची साखळी जुळते काय, हे वकिलांकडून तपासून घ्यावे. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्यावर स्पष्ट शिक्कामोर्तब केले आहे. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नोंदणीकृत हक्कसोडपत्रे किंवा खरेदीपत्रावर सह्या नसतील, तर बँकेचे वकील तेथेच थांबतात. त्यांनी थांबावे हेच योग्य आहे. बहिणीचा हक्क हा कागदी अडथळा नसून तिची मालमत्ता आहे.

उरतो बांधकामाचा प्रश्न. प्लॉट मंजूर रेखांकनातील आणि बिगरशेती असावा. तसा नसल्यास, महाराष्ट्र गुंठेवारी (परवानगीविना पाडलेले लहान भूखंड) कायद्याखाली तो नियमित झाल्याचे प्रमाणपत्र पाहावे. २००१ च्या या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची संधी मिळाली आहे, पण ती आपोआप लागू होत नाही. प्रत्येक भूखंडासाठी अर्ज, शुल्क आणि आदेश आवश्यक असतो. शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले आहे. या गावांत ग्रामपंचायतीच्या ना-हरकत दाखल्याच्या आधारे बांधलेल्या घरांची कर्जप्रकरणे अडकतात, म्हणून परवानगी देणारी यंत्रणा कोणती, हे आधी लेखी विचारून घ्यावे. बांधकामासाठीचे कर्ज एकरकमी मिळत नाही, काम पुढे सरकेल तसे टप्प्याटप्प्याने मिळते, त्यामुळे जोत्यापर्यंतचा खर्च स्वतःच्या हाती असावा.

प्रश्न : विक्रेते १२ लाख रुपये रोखीने मागत आहेत आणि खरेदीपत्रात तेवढी किंमत कमी दाखवू म्हणतात. मुद्रांक शुल्कही वाचेल, असे त्यांचे म्हणणे आहे. आम्हाला कर्ज हवे आहे.

असा व्यवहार करू नये. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे आणि तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. शिवाय बँक खरेदीपत्रातील किमतीवर कर्ज देते, त्यामुळे लपवलेल्या १२ लाखांवर एक रुपयाही कर्ज मिळणार नाही. व्यवहार मोडला, तर त्या रकमेचा पुरावा आपल्याकडे नसेल. पुढे हेच घर विकताना आपली खरेदी किंमत १२ लाखांनी कमी धरली जाईल आणि नफ्यावरचा कर आपण भराल. मुद्रांक शुल्क शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य दरापेक्षा कमी किमतीवर आकारलेच जात नाही, म्हणून बचतीचे हे आश्वासनही अर्धवट आहे.

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीजवळ माझे मशिनिंगचे छोटे वर्कशॉप आहे. फौंड्रींची जॉबवर्क कामे मिळतात आणि हाती चांगले पैसे राहतात. माझे मोठे बंधू शेती पाहतात. तरीही उत्पन्नाचा पुरावा अपुरा असल्याचे सांगून आम्हाला निम्मेच कर्ज देऊ केले आहे.

हाती राहणारा पैसा आणि कागदावरचे उत्पन्न यांतील अंतर हा आपल्या उद्योजकांचा जुना प्रश्न आहे. व्यावसायिकाकडून बँका साधारणतः गेल्या दोन ते तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे, ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे आणि बँक खात्याचे उतारे मागतात. ज्यांनी कर वाचवण्यासाठी वर्षानुवर्षे नफा कमी दाखवला, त्यांना कर्जाच्या वेळी तोच कमी नफा मान्य करावा लागतो. घाईने एकाच वर्षाचे उत्पन्न फुगवून दाखवले, तर ते बँकेच्या लगेच लक्षात येते. घर दोन वर्षांनी घ्यायचे असेल, तर आजपासून जॉबवर्कची प्रत्येक बिलाची रक्कम चालू खात्यात घ्यावी आणि विवरणपत्र मुदतीत भरावे. तेच खरे साधन आहे.

बंधूंच्या शेतीचे उत्पन्न धरता येते, मात्र त्यासाठी साखर कारखान्याची उसाची बिले आणि दूध संस्थेची बिले बँक खात्यात जमा झालेली दिसली पाहिजेत. ते सहकर्जदार होणार असतील, तर घराच्या मालकीत त्यांचे नाव असावे काय, याचा निर्णय कुटुंबाने कर्जापूर्वीच घ्यावा. पुढे जुन्या करपद्धतीत व्याजाची वजावट घ्यायची असल्यास ती व्यक्ती मालकही असावी लागते.

हप्त्याचा अंदाज असा घ्यावा : ३० लाखांच्या कर्जाला ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी महिना सुमारे २६,०३५ रुपये आणि १५ वर्षांसाठी सुमारे २९,५४० रुपये हप्ता येतो. महिन्याला साडेतीन हजार अधिक भरण्याची ताकद असेल, तर एकूण परतफेडीत नऊ लाखांहून अधिक बचत होते. मात्र जॉबवर्कची कामे मंदीत एकदम आटतात, हे आपण जाणता. किमान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवता येतील, एवढीच रक्कम उचलावी.

प्रश्न : नागाळा पार्क भागातील घर पसंत आहे. २०१९ च्या पुरात विक्रेत्यांचे मूळ खरेदीपत्र खराब झाले. कर्जाला अडचण येईल काय?

दोन स्वतंत्र अडचणी येतील आणि दोन्ही सोडवता येतात. मूळ दस्ताच्या बाबतीत विक्रेत्यांनी दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत घ्यावी, पोलीस ठाण्यात कागदपत्र खराब किंवा गहाळ झाल्याची नोंद करावी आणि स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्यावी. मूळ दस्त अन्य बँकेत तारण नाही, याची खात्री शोध अहवालातून (जुन्या नोंदणीकृत दस्तांच्या तपासणीतून) आणि सर्साय या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतून होते. खराब झालेला दस्त अंशतः वाचता येत असेल, तर तो फेकून देऊ नये. ही सारी पूर्तता संचकारापूर्वी विक्रेत्यांनी करायची आहे, खरेदीदाराने नव्हे.

दुसरी अडचण पूररेषेची. साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा मानली जाते. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम निषिद्ध असते, तर दोन रेषांमधील क्षेत्रात ते अटींसह होऊ शकते. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडल्यावर आपल्या गल्लीत पाणी कोठवर येते, हे शेजाऱ्यांना विचारावे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांच्या खुणा त्यांना ठाऊक असतात. त्याबरोबर नगररचना विभागाकडून झोन दाखला घ्यावा आणि बांधकाम परवानगीची प्रत पडताळून पाहावी. घर अधिकृत असेल, तर केवळ पूर आला होता एवढ्यावरून कर्ज नाकारले जाण्याचे कारण नाही, मूल्यांकन मात्र कमी होऊ शकते. ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विमा योजनेत पुराचे नुकसान समाविष्ट असते. असे घर घेणाऱ्याने बँकेने आग्रह धरला नाही तरी हा विमा घ्यावा.

प्रश्न : कर्जासोबत जीवनविमा घेणे सक्तीचे आहे, असे शाखेत सांगतात. दर बदलता घ्यावा की स्थिर, हेही कळत नाही.

कर्ज मंजूर होण्यासाठी बँकेनेच सुचवलेला जीवनविमा घेण्याचे बंधन नाही. घरातील कमावती व्यक्ती एकच असेल, तर विमा अवश्य घ्यावा, पण तो स्वतः तुलना करून घ्यावा. त्याचा हप्ता कर्जाच्या रकमेत मिळवला, तर त्यावरही वीस वर्षे व्याज द्यावे लागते.

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाह्य मानदंडाशी, बहुतेक ठिकाणी रेपो दराशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याच्याशी), जोडलेली आहेत. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन लागू नाही, म्हणून तेथे दर कशाशी जोडला आहे, हे विचारावे. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीसाठी आकार घेता येत नाही, आणि ज्यांच्या हाती दिवाळीचा बोनस किंवा उसाचे बिल एकरकमी येते त्यांना याचा मोठा लाभ होतो. सही करण्यापूर्वी कर्जाचे मुख्य तथ्यपत्रक मागून घ्यावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते देणे बंधनकारक आहे आणि त्यात प्रक्रिया शुल्क, विमा, कायदेशीर शुल्क धरून कर्जाचा प्रत्यक्ष वार्षिक खर्च दिलेला असतो. पत्रकात न दाखवलेला आकार नंतर आपल्या संमतीशिवाय लावता येत नाही. शाखेने विम्याची सक्ती चालूच ठेवली, तर लेखी तक्रार करावी आणि ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तेथे तक्रार करण्यास शुल्क लागत नाही.